टेकडी उतरल्यावर काय खावं?

पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवरून उतरून थेट माझ्याकडे आहारसल्ल्याला येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "व्यायामानंतर अर्ध्या तासात गोड काहीतरी घ्यायलाच हवं ना?" कुणी केळं-खजुराचा शेक घेतं, कुणी उसाचा रस. यातल्या अनेकांच्या रिपोर्टवर 'प्रीडायबेटिस', म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं लिहिलेलं असतं, म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

व्यायामानंतर गोड घेण्याच्या या सल्ल्यामागे खरं विज्ञान आहे. 1966 साली योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने, थकेपर्यंत पेडल मारलं. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली. दमलेल्या पायातला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, आधी रिकामा झाला आणि नंतर आरामातल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरला. खाणं तेच, रक्त तेच. साखर ओढून घेतली ती राबलेल्या स्नायूंनी.

स्नायू आकुंचन पावले की 'ग्लुट-4' नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. या कामाला इन्शुलिन लागत नाही. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये इन्शुलिनचं सांगणं स्नायू नीट ऐकत नाहीत, पण व्यायामाची ही वाट बरीचशी शाबूत असते. शिवाय पुढचा दिवस-दीड दिवस स्नायू इन्शुलिनलाही जास्त दाद देतात.

आपल्या भारतीयांसाठी तर व्यायामाची ही वाट वरदानच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये ही तुलना छापून आली. सडपातळ भारतीय शरीरातही चरबी लपलेली असू शकते, हे तिने दाखवलं; आणि अशी चरबी इन्शुलिन रेझिस्टन्सला हातभार लावते.

मग शेक कुणासाठी? सकाळ-संध्याकाळ मेहनत करणाऱ्या पैलवानाला, लांब पल्ल्याच्या धावपटूला साठा लवकर भरावा लागतो. त्यांना सुरुवातीच्या काही तासांत दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदकं सुचवतात. चाळीस मिनिटं चालणाऱ्याच्या साधारण दीडशे-दोनशे कॅलरीच खर्च होतात. त्याचा साठा रिकामा झालेलाच नसतो. आणि जेवढा झाला तेवढा लगेच गोडाने भरला, तर इन्शुलिनला मिळणारी ती जास्तीची दादही लवकर ओसरते.

म्हणून मी सांगते: पाणी प्या, घरी जा, नेहमीचा नाश्ता करा. मुगाचं धिरडं, अंडी, किंवा मटकीची उसळ आणि थोडे पोहे. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर व्यायामाच्या वेळी काय आणि कधी खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साखर फार उतरून हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर साखर ताबडतोब घ्या. तिथे संयम कामाचा नाही.

स्नायूंनी इन्शुलिनला जास्त दाद देण्याचा व्यायामाचा हा परिणाम दोन दिवसांत विरतो. म्हणून आज काय प्यायचं यापेक्षा परवाच्या आत पुन्हा टेकडी चढायची, हे आधी ठरवा.