धुराची वारेपर्यंतची वाट

खानदेशात थंडी पडली की भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. बामणोदची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, हा इथला रिवाज. गॅसवर भाजलेल्या वांग्याला अस्सल खानदेशी माणूस नाक मुरडतो, आणि त्याचं चुकत नाही. ती चवच धुराची असते. पण धुळे-जळगावच्या कितीतरी गावांत त्याच काड्या नि गोवऱ्या रोजच्या चुलीतही जळतात. तो धूर चुलीपुढे बसलेल्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

पोचतो कसा, हेच नवल. कारण पोटातलं बाळ हवा घेतच नाही. त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू येतो वारेतून. वार हा अवयवच अजब. काही महिन्यांत उभी राहते, बाळाच्या पाठोपाठ बाहेर पडते, वजन साधारण अर्धा किलो. पण तिच्यातले सूक्ष्म धुमारे पसरून धरले तर दहाएक चौरस मीटर जागा व्यापतील. धुमाऱ्यांच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं. मधला पडदा इतका पातळ की प्राणवायू सहज पलीकडे जातो, तरी दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत.

असा पडदा धुरातली काजळी अडवत असेल, असंच कोणालाही वाटावं. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या टिम नॉरोट यांच्या गटाने वारेच्या तुकड्यांवर लेझरचे अत्यंत क्षणिक झोत टाकले. अशा झोतात काजळीचा काळा कण पांढरा चमकतो! आणि ते चमकले, वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही. २०२२ मध्ये याच गटाला आणि स्कॉटलंडच्या अॅबर्डीन विद्यापीठाला धूम्रपान न करणाऱ्या आयांच्या गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात, मेंदूतही हे कण सापडले. ज्याने एकही श्वास घेतलेला नाही, त्याच्या फुप्फुसात काजळी.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर वेगळाच. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, म्हणजे बाळाच्या वाट्याचा प्राणवायूच कमी होतो.

याचा हिशेब वजनात दिसतो. संशोधक कल्पना बालकृष्णन यांच्या गटाने २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या १,२८५ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेच्या दर घनमीटरमागे सूक्ष्म कण १० मायक्रोग्रॅमने वाढले, की बाळाचं वजन सरासरी ४ ग्रॅमने घटलेलं दिसलं. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हे प्रमाण शेकडो मायक्रोग्रॅमवर जातं, आणि अडीच किलोच्या उंबरठ्यावरच्या बाळाला थोडीही घट महागात पडते.

मग गॅस दिला की प्रश्न मिटला? तमिळनाडूत आणि आणखी तीन देशांत मिळून ३,२०० गरोदर स्त्रियांवर ही परीक्षा झाली. निम्म्यांना गॅस मिळाला, धूर झपाट्याने उतरला. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनातला फरक होता जेमतेम २३ ग्रॅम, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. एक शक्यता अशी की स्त्रियांची निवडच झाली नवव्या ते विसाव्या आठवड्यात, गॅस त्यानंतर आला, आणि वारेची मुळं त्याआधीच रुजायला लागलेली असतात. मला ही शक्यता पटते. अजून सिद्ध मात्र झालेली नाही.

शिवाय धूर एकट्या चुलीचा नसतो. जळगाव शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे आणि भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथली हवा एकट्या घराच्या हातात नाही, चूल मात्र आहे. घरात दिवस गेल्याचं कळलं, की सातव्या महिन्याच्या ओटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी सूनबाईला चुलीपुढून उठवा, आणि गॅस नसेल तर भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापावी. नवऱ्याने थापली तरी चालेल.