एक जूनची कार्डं

महाराष्ट्रात एक जून या तारखेला जन्मलेली माणसं मोजायची ठरवली तर दमछाक होईल. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्याच नात्यातल्या माणसांचे शाळेचे दाखले काढून बघा, एखादा तरी एक जून निघेलच. कारण साधं आहे. मुलाला शाळेत घालायला नेलं की मास्तर जन्मतारीख विचारत. घरच्यांना आठवे ती तिथी, नाहीतर ‘मोठा पाऊस झाला त्या साली’ अशी खूण. मग मास्तर पोराकडे बघून वयाचा अंदाज बांधत आणि शाळा जूनमध्ये सुरू होणार म्हणून १ जून लिहून मोकळे होत. माणूस त्याच तारखेला नोकरीला लागे आणि त्याच तारखेच्या हिशेबानं निवृत्त होई.

या मास्तरांमुळे आमच्या गटाची मात्र मे महिन्यात फार धावपळ होते. आम्ही आठ-दहा जणी शनिवारी दुपारी जमून वाढदिवसाची कार्डं करतो. ठसे, शाया आणि डायने कापलेला कागद, एवढंच भांडवल. मी पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत असे, म्हणून सगळ्या मला अजूनही बाईच म्हणतात. जागा ट्रॉम्ब्याची. भाभा अणुसंशोधन केंद्राची अणुशक्तिनगर ही वसाहत इथलीच. निम्म्या जणी तिथे राहणाऱ्या, बाकीच्या देवनार-चेंबूरच्या. वसाहत सरकारी, तेव्हा निवृत्तीनंतर घर सोडावं लागतं. वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्याकडे विरजण मागितलं ते शेजारी मग खारघरला, बदलापूरला, सांगलीला, थेट केरळात पांगतात. बहुतेक कार्डं जातात ती त्यांच्यासाठीच.

फोनवर दोन ओळी पाठवून भागत असताना हा खटाटोप कशाला, असं आमच्या घरचे पुरुष विचारतात. त्यांना आम्ही चहा देतो आणि बाहेर बसवतो.

तयार कार्डांना माझा विरोध नाही. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं, तेही पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून. आपल्याकडे १९७९ साली दिल्लीत ‘आर्चीज’ निघालं आणि त्याच वर्षी मुंबईत रिपन कपूर यांनी ‘क्राय’ सुरू केलं. ‘क्राय’ची कार्डं घेतली की मुलांच्या कामाला हातभार लागे, म्हणून आम्ही ती घेतही असू. पण नव्वदच्या दशकातलं कार्डांचं दुकान आठवा. मित्रासाठी, आईसाठी, ‘खास व्यक्ती’साठी वेगवेगळे खण असत. आत्यासाठी खण नव्हता. वन्संसाठी, मावसकाकांसाठी तर नाहीच. शिवाय आतला मजकूर इंग्रजी आणि इतका गुळचट, की तो आपल्या आजीला वाचून दाखवायचा म्हणजे आपलीच जीभ अडखळायची.

तेव्हा पहिली गरज मराठी ठशांची. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनीच भेंडी आणि बटाटा कापून ठसे उमटवले आहेत. भेंडीचं फूल आजही सुरेख येतं, फक्त कापल्यावर ती फडक्यावर टेकवून चिकटा टिपून घ्यावा. अक्षरांसाठी मात्र खोडरबर लागतो आणि तिथे देवनागरी आपली परीक्षा घेते. ठशावर सगळं उलटं कोरायचं असतं. आरशात धरलेली ऱ्हस्व वेलांटी दीर्घासारखी दिसते आणि दीर्घ ऱ्हस्वासारखी. त्यातून शब्द ‘अभीष्टचिंतन’. त्यातला ‘भी’ दीर्घ, ‘चिं’ ऱ्हस्व. आधीच निम्मा महाराष्ट्र तो ‘अभिष्ट’ लिहितो! आमच्यातल्या एकीनं शुद्धलेखनाचं पुस्तक शेजारी ठेवून, जिवापाड मेहनत करून तो सरळच कोरला आणि कागदावर तो अर्थातच उलटा उमटला. उपाय सोपा आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलनं शब्द लिहायचा, कागद पालथा करून रबरावर घासायचा आणि उमटेल तसा कोरायचा. शिरोरेषेचा एक फायदा आहे. ती अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे रबराचा तुकडा सहसा मोडत नाही. चित्रांत आमच्याकडे कोळीवाड्यातली होडी आहे, आणि उन्हाळ्यापर्यंत खाडीत मुक्काम ठोकणारा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आहे. त्याचा पाय फार बारीक कोरू नये, दोन-चार ठशांतच तुटतो.

शाईबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण मुंबईच्या हवेत सगळी फजिती तिथेच होते. कचेरीतल्या जांभळ्या पॅडची शाई पॅडवर सुकू नये अशीच बनवलेली असते. ती वाळते ती कागदानं शोषून घेतल्यावर. गुळगुळीत चकचकीत कागद शोषतच नाही, म्हणून मे अखेरच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही बोटाला रंग लागतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई झटकन सुकते, पण उन्हात विटते. रंगकणांची शाई घट्ट, टिकाऊ, आणि सुकायला आळशी. त्या आळसाचा उपयोग करून घेता येतो. ओल्या ठशावर एम्बॉसिंगची बारीक पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गननं तापवायचं. पूड वितळते आणि रेघ उठावदार, चकचकीत होते. जुन्या लग्नपत्रिकांवरची बोटाला लागणारी अक्षरं याच युक्तीची. केस वाळवायचं यंत्र इथे चालत नाही, ते पूड वितळवण्याआधी उडवून लावतं. शाईचं कौतुक मराठी माणसाला जुनंच आहे म्हणा. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईपासून सुरुवात केली, त्याचंच पुढे ‘कॅम्लिन’ झालं.

डाय मात्र कोणाला समजावून द्यावी लागली नाही. वाटीनं पुऱ्या पाडणाऱ्या आणि कातणीनं करंजीची कड कापणाऱ्या बाईला त्यात नवं काय? डाय म्हणजे धारदार पोलादी कडेचा साचा. तो कागदावर ठेवून दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये धरायचा आणि छोट्या यंत्रातल्या दोन रुळांमधून मूठ फिरवून काढायचा. अगदी उसाच्या चरकासारखं. छापखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. प्लायवूडच्या फळीत खाचा करून पोलादी पट्टी वाकवून बसवतात आणि कापलेला कागद अडकू नये म्हणून शेजारी स्पंजचे तुकडे चिकटवतात. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, तिथे हिंडलं की उत्तम जाड कागद हाताला लागतो. आणि एक सांगते, कापडाला जसे उभे-आडवे धागे तशी कागदालाही दिशा असते. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघावा, जिकडे सहज वाकतो तिकडेच घडी घालावी. आधी रिकाम्या रिफीलनं पट्टी धरून रेघ दाबून घेतली की घडी फाटत नाही.

आता गेल्या दोन वर्षांतल्या एका कार्डाबद्दल. आमच्या गटात तारापूरहून बदली होऊन आलेली एक सून आहे. तिच्या सासूबाईंना त्या १ जूनला पंचाहत्तर लागत होतं. त्या एक्केचाळिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यानंतर घरात सगळ्यांचे वाढदिवस त्यांनी केले, ओवाळायची वेळ आली की मात्र स्वयंपाकघरात जात. त्यांना कोणी ओवाळलं नाही आणि कार्ड तर कधीच मिळालं नव्हतं.

काय करायचं यावर दोन शनिवार गेले. पाकिटावर नावाआधी ‘गं. भा.’ घालायचं नाही, यावर एकमत झालं. नुसतं ‘ती. आईंस’ पुरे. वाद झाला तो चित्रावर. एकीनं औक्षणाच्या तबकाची कल्पना मांडली. गोल डायनं सोनेरी कागदाचं तबक पाडायचं, वर निरांजनाचा ठसा, हळद पिवळी, कुंकू लाल. दुसरी म्हणाली, ‘‘जे त्यांना चौतीस वर्षं नाकारलं, ते कागदावर काढून त्यांच्यापुढे धरायचं? जखमेवरची खपली निघेल.’’ तिचंही खोटं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ठराव होतो, पण घरातल्या बाईचा हात कुंकवाच्या करंड्याकडे जायला वेळ लागतो. मी तबकाच्या बाजूनं होते. फुलं आणि पक्षी काढून आपण त्यांना नाजूकपणे टाळलंच असतं, आणि टाळलं जाणं त्यांना नवं नव्हतं. शेवटी निर्णय सुनेचा. तिनं तबक केलं आणि आत स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. त्या आम्हाला वाचू दिल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड बराच वेळ पाहिलं, उलटून मागेही पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, तबकात सुपारी नि अंगठी राहिली की!’’ तेवढंच. संध्याकाळी तिनं खरं तबक तयार केलं, तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, पाटावर बसल्या.

सुपारीसाठी आम्ही हल्ली तपकिरी कागदावर फायलीचं पंचिंग मशीन चालवतो, अगदी हवी तेवढी टिकली निघते. आजी गेल्या वर्षापासून अधूनमधून आमच्यात येऊन बसतात. यंत्र त्यांना पसंत नाही, कात्रीनं कापतात, आणि कड आमच्यापेक्षा साफ येते. यंदा त्यांना एकच कार्ड करायचं आहे, मिरजेच्या धाकट्या बहिणीसाठी. तिचीही तारीख मास्तरांनी दिलेली एक जूनच. तबकात सगळं घालायचं म्हणून कार्ड इतकं जाड झालं आहे की पोस्टात वजन करूनच तिकीट लावावं लागेल.