मागच्या रांगेतला चेहरा

गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे, एकांकिकेचा शेवटचा प्रयोग, फेअरवेल... निमित्त काहीही असो, शेवटी ‘चला, एक ग्रुप फोटो!’ होतोच. रात्री तो व्हॉट्सअ‍ॅपवर पडतो आणि प्रत्येक जण झूम करून आधी स्वतःला शोधतो. पुढे बसलेले झकास आलेले असतात. मागे उभा असलेला मित्र ब्लर, कडेचा उगाच पसरट आणि सावळी मैत्रीण सावलीत गडप. ‘मस्तंय फोटो’ एवढं टाकून ही मंडळी गप्प बसतात, स्टेटसला मात्र ठेवत नाहीत. म्हणूनच ग्रुप फोटो जमला की नाही, हे पुढच्या रांगेवरून नाही, मागच्या कोपऱ्यातल्या चेहऱ्यावरून ठरवायचं. त्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असं नाही.

आधी उजेड, मग पोझ

दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. झाडाखाली उभे राहिलात तर तोंडावर ऊन-सावलीचे ठिपके. त्यापेक्षा पोर्च किंवा इमारतीची सावली बघा. डोक्यावर ऊन नाही, पण समोर मोकळं आकाश आहे अशी जागा. वर्गात असाल तर खिडकी ग्रुपच्या नाही, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवी.

रात्री लाइट लावून फोटो काढताना तो फार जवळ ठेवू नका. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्साच उरतो. लाइट पुढच्या रांगेपासून दोन मीटरवर आणि मागची रांग आणखी मीटरभर मागे असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहून कमी उजेड मिळतो. तोच लाइट चार मीटरवर नेला की मागच्यांना पुढच्यांच्या ६४ टक्के मिळतो. एकूण उजेड घटतो, पण वाटणी बरी होते. कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश असेल तर तो तोंडावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवा.

ब्लरचा मोह आवरा

५० एमएमची लेन्स आणि एफ/१.८ हे कॉम्बिनेशन एकट्याच्या पोर्ट्रेटला भारी. पण साध्या डीएसएलआरवर चार मीटरवरून सहा जणांचा फोटो काढलात, तर जेमतेम ४५ सेंटिमीटरची पट्टी शार्प राहते. दुसरी रांग गेलीच! तिथूनच एफ/५.६ ठेवलं तर ही पट्टी जवळपास १.४ मीटर होते. दोन रांगा असतील तर फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर, तीन असतील तर मधल्या रांगेवर. शटर स्पीड १/१२५ च्या खाली नको, हसणं-खिदळणं चालू असेल तर १/२५०. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

मोबाइलवर पोर्ट्रेट मोड बंद करा, तो मागच्या रांगेलाच बॅकग्राउंड समजू शकतो. ०.५एक्स लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात. १एक्सवर राहा आणि दोन पावलं मागे जा.

सावळा रंग सावळाच दिसू दे

रोलच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ वापरायचे. त्यावर फोटो असायचा एका गोऱ्या बाईचा. तिची त्वचा हेच माप, त्यामुळे काळ्या माणसांच्या चेहऱ्यातले बारकावे हरवायचे. गोरा आणि काळा चेहरा एकाच फोटोत असला की फरक जास्तच खुपायचा. गूगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत ‘रिअल टोन’ आणलं ते सगळ्या वर्णांची त्वचा जशी आहे तशी दिसावी म्हणून. आपल्याकडे मात्र ब्युटी फिल्टर लावून अख्खा ग्रुप एकाच रंगात रंगवला जातो!

उपाय सोपा आहे. फिल्टर काढा. स्क्रीनवर सगळ्यात सावळ्या चेहऱ्यावर बोट ठेवून एक्सपोजर लॉक करा. मग सगळ्यात उजळ कपाळ पांढरंफटक पडणार नाही इतपतच ब्राइटनेस खाली ओढा. उजेडाच्या बाजूची जागा सावळ्या मित्राला द्या. तरीही चेहरे काळे पडत असतील तर फ्रेमच्या बाहेर थर्माकोलची पांढरी शीट धरा. स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि रिफ्लेक्टरचं काम चोख करते.

किती क्लिक?

कुणाचे तरी डोळे मिटलेलेच असतात, यावर खरंच गणित झालंय. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ चं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं. म्हणजे बारा जणांसाठी दिवसा चार क्लिक, संध्याकाळी सहा. तेवढे काढले की त्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची शक्यता भरपूर.

मग निवडताना स्वतःचा चेहरा सोडून कडेपासून सुरुवात करा. शेवटच्या क्लिकला फोन बाकावर सॅकला टेकवा, १० सेकंदांचा टायमर लावा आणि पळत जाऊन उभे राहा. जागा धरून ठेवायला आधीच कुणाला तरी सांगा.