खवट तेल, हळद आणि पावडरचा डबा

तेलाच्या पिशवीची मागची बाजू आपल्यापैकी किती जण वाचतात? तिथे बारीक अक्षरात पुष्कळदा 'अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९)' असे छापलेले असते. हाच शब्द हल्ली सोनेरी डब्यांवर ठळक अक्षरात छापून आपल्या वस्त्यांतून विकला जातो. विकणारा बहुधा ओळखीचाच असतो. कर्करोग, साखर, गुडघेदुखी या सगळ्यांवर एकच पावडर, आणि एका डब्याच्या किमतीत घरचा महिन्याचा किराणा यावा! तेव्हा हा शब्द काय आहे ते पगारावर घर चालवणाऱ्या माणसाने एकदा समजून घ्यावे.

शेंगदाणे, जवस, तेल उघडे राहिले की खवट होतात. हवेतला प्राणवायू तेलाच्या एका कणाला बिघडवतो, तो शेजारच्याला, शेजारचा पुढच्याला. अशी साखळी लागते. फिनॉल जातीचा पदार्थ मध्ये पडून आपल्याजवळचा हायड्रोजन त्या बिघडलेल्या कणाला देतो. साखळी तिथेच तुटते. प्राणवायूच्या या माऱ्याला अटकाव करणारा, म्हणून अँटिऑक्सिडंट.

वनस्पतींत असे पदार्थ भरपूर असतात. लवंगेत युजेनॉल, हळदीत कर्क्युमिन, चहात कॅटेचिन, आवळ्यात आणि हिरड्यात गॅलिक आम्ल. तिळाच्या तेलात सेसमॉल व त्याचे भाईबंद असतात, म्हणून ते बरेच दिवस टिकते. जवसाच्या तेलातले स्निग्धांश फार लवकर बिघडणारे, त्यामुळे ते लवकर वास मारते. आपल्या आजीने जवसाची चटणी नेहमी थोडीथोडीच कुटली, ती उगाच नव्हे.

कारखान्यांनी निसर्गाची हीच युक्ती उचलली. गॅलिक आम्लापासून प्रोपिल गॅलेट (आयएनएस ३१०) तयार केले. बीएचए (३२०), बीएचटी (३२१) आणि टीबीएचक्यू (३१९) हे तर थेट रसायनशाळेतले. टीबीएचक्यू तेलात घालण्याची कायद्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर पंधरा किलोच्या डब्यात जास्तीत जास्त तीन ग्रॅम! चिमूटभर पदार्थ अख्खा डबा सांभाळतो.

कारखान्यातले म्हणजे विष आणि झाडाचे म्हणजे अमृत, असे मात्र समजू नये. बीएचएच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी झाल्या हे खरे, पण माणसाच्या पोटात तो कप्पा नसतो. मला खरा धोका वाटतो तो पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा. तळताना हे रक्षक पदार्थ खर्ची पडतात, काही वाफेबरोबर उडून जातात, आणि मग तेल बिघडायला वेळ लागत नाही. असे तेल मोजण्यासाठी जुलै २०१८ पासून नियम आहे. बिघडून तयार झालेले पदार्थ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याला वापरायचे नाही. घरात ते मोजायचे यंत्र कुठून येणार? तेल काळपट, चिकट झाले, फेस येऊ लागला, कमी आचेवरच धूर निघू लागला की ते गेले असे समजावे. उरलेले तळण ताज्या तेलात मिसळू नये. तेलाचा डबा शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

आता त्या पावडरकडे वळू. बरणीत तेल टिकते म्हणून पोटात शरीरही टिकेल, असा हिशेब त्यात मांडलेला असतो. पण शरीर म्हणजे बरणी नव्हे. ई जीवनसत्त्व हेही फिनॉल जातीचे. अमेरिकेत सुमारे ३५,००० पुरुषांवर त्याच्या कृत्रिम गोळ्यांची चाचणी झाली. २०११ साली निष्कर्ष आला तो असा, की नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. कमी नव्हे, जास्त! हळदीतले कर्क्युमिन तर वजनाच्या तीनएक टक्केच असते आणि रक्तात फारसे उतरत नाही. ते जास्त उतरावे म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्या निघाल्या, तर त्यांनी काहींचे यकृत बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. भाजीतली हळद खुशाल खावी. डब्यासाठी मात्र सोसायटीचे कर्ज काढू नये, आणि चालू औषध तर मुळीच बंद करू नये.

माता-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण डबे विकणारे ती सांगत नाहीत. चहातले हेच फिनॉल पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. याला कारणे पुष्कळ आहेत, अपुरे अन्न हे त्यातले मोठे. पण सकाळी चहाबरोबर भाकरी खाऊन कामाला जाणाऱ्या बाईच्या ताटातले थोडेसे लोहही असे वाया जाते. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावा. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. आशाताई रक्तवाढीच्या ज्या गोळ्या देतात, त्या चहाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्याव्यात.