राजाची लिपी, विद्वानांचा विरोध

कोरियन ही चिनीची लेक, असा अनेकांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. कोरियनचे व्याकरण चिनीहून सर्वस्वी वेगळे. तिच्यात क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. तरीही शतकानुशतके या लोकांना लिहावे लागले ते चिनी अक्षरांत. ती हजारो अक्षरे घोकायला शेतात राबणाऱ्याला सवड कुठली? लेखणी आणि कचेरी यांगबान या उच्चकुलीनांच्या हाती राहिली, यात नवल ते काय!

१४४३ साली जोसोन घराण्यातील राजा सेजोंगने २८ अक्षरांची लिपी तयार केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. तीच आजची हांगुल. 'म'चे अक्षर तोंडाच्या आकाराचे, 'न'चे वर टेकलेल्या जिभेच्या आकाराचे. हुशार माणूस ही लिपी एका सकाळीत शिकेल आणि मंद माणूस दहा दिवसांत, असे त्या वेळच्या ग्रंथातच नमूद आहे.

मग विरोध कोणाचा? राजाच्याच विद्वत्सभेचा! १४४४ साली चोए मल्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी राजाला अर्ज दिला. चिनी लिपी सोडणे म्हणजे रानटी होणे, असे त्यांचे म्हणणे. खटल्याचे कागद लोकांच्या भाषेत असले तर अडाणी माणसावर अन्याय होणार नाही, ही राजाची बाजू. त्यावर या पंडितांचे उत्तर असे, की चीनमध्ये बोलणे आणि लिहिणे एकच असूनही तेथे अन्यायाचे खटले होतातच. दोष लिपीचा नसून तुरुंगाधिकाऱ्यांचा आहे. कोर्टाची पायरी रोज चढणाऱ्या आम्हाला हा युक्तिवाद चांगलाच ओळखीचा आहे. अधिकारी वाईट असतो हे खरेच. पण जबाबात काय लिहिले ते आरोपीला वाचताच आले नाही, तर तो अधिकाऱ्याचा वाईटपणा पकडणार कसा? राजाने या मंडळींना एक रात्र कोठडीत ठेवून दुसऱ्या दिवशी सोडून दिले.

आमच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जोसोन राज्य कन्फ्यूशियसच्या मताचे आणि बौद्ध विहारांवर निर्बंध घालणारे. खुद्द सेजोंगनेही १४२४ साली बौद्ध संप्रदायांची संख्या दोनवर आणली होती. पण या लिपीतल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी एक म्हणजे भगवान बुद्धांचे गद्य चरित्र. राणीच्या निधनानंतर तिच्या पुण्यस्मरणार्थ राजपुत्राने ते १४४७ साली सिद्ध केले. हाच राजपुत्र पुढे राजा झाला आणि सूत्रांच्या भाषांतरासाठी त्याने १४६१ साली सरकारी कचेरीच उघडली.

१५०४ साली मात्र राजा योनसानची निंदा करणारे कागद याच लिपीत निघाले, आणि त्याने ती शिकण्या-शिकविण्यावर बंदी घातली. लिपी टिकली ती स्त्रियांच्या पत्रांत आणि सामान्यांच्या कथा-कादंबऱ्यांत. सरकारी फर्मानांत तिला मानाचे स्थान मिळाले ते १८९४ साली, जाहीर झाल्यानंतर तब्बल ४४८ वर्षांनी.