पिंपळावरचा मुंजा

सोनपेठच्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसात एक पिंपळ होता, आणि त्या पिंपळावर मुंजा होता. या विधानाचा पहिला भाग जितका निर्विवाद, तितकाच दुसराही आम्हां पोरांस निर्विवाद वाटे. दिवेलागण झाली की परसाच्या दारास कडी लागे. मग तिकडे राहिलेला चेंडू सकाळीच आणावयाचा. आजोबांनी निजामी अमलात उर्दूतून वकिली केलेली. पुराव्यावाचून एक अक्षर मान्य करावयाचे नाही, हा त्यांचा बाणा. परंतु निजण्यापूर्वी परसाची कडी लागली आहे ना, हे तेही एकदा उठून पाहत असत.

मुंजा म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. मुंज झाली, परंतु सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा निवर्तला, त्याचा वास पिंपळावर असतो, अशी समजूत. आमच्या घरचा मुंजा हा आजोबांचा पाठचा भाऊ. अकराव्या वर्षी तो तापाने गेला. पणजीने पिंपळाभोवती पार बांधविला, झाडाची यथासांग मुंज लावविली आणि घरात मंगलकार्य निघाले की प्रथम एक बटू बोलावून त्यास जेवू घालावयाचे, नवी लंगोटी व दक्षिणा द्यावयाची, असा कुळाचार घालून दिला. त्या मुलाचे छायाचित्र नव्हते, की त्याने लिहिलेले एखादे अक्षर मागे उरले नव्हते. तथापि घरातील प्रत्येक लग्नात त्याचे पान मात्र मांडले जाई.

आपल्याकडील भुतांची नामावळी एकदा स्वस्थ चित्ताने वाचून पाहावी. बाळंतपणात गेलेली ती हडळ किंवा अलवंतीण. पुरून ठेवलेल्या धनात जीव गुंतून राहिलेला तो ब्रह्मसमंध. सोडमुंजीपूर्वी गेलेला तो मुंजा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी वध केला, त्यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडून अशा समजुती मोठ्या कष्टाने गोळा करविल्या होत्या. त्यांच्या पश्चात एन्थोवेन यांनी ती टिपणे छापविली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. सोनपेठ तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे आमचा मुंजा त्या दप्तरात चढला नाही. पण कोकणचा मुंजा आणि गोदाकाठचा मुंजा यांत काडीचेही अंतर नाही. ही सारी यादी वाचताना एक गोष्ट ध्यानी येते: पिकल्या वयात, नातवंडांच्या देखत गेलेले माणूस तीत क्वचितच सापडेल. ज्यांचे काही राहून गेले आणि ज्यांच्यासाठी घरातल्यांचे काही करावयाचे राहून गेले, तेच बहुतेक सारे त्या यादीत आहेत.

मग शहाणीसुरती माणसे हे खरे कसे मानतात? अज्ञान हे उत्तर सोपे आहे, पण आमच्या आजोबांस ते लागू पडत नाही. अलीकडचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की, गवतात खसफस झाली असता ‘वारा असेल’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा ‘कोणीतरी आहे’ म्हणून पळणारा पूर्वज अधिक जगला, आणि आपण त्या पळणाऱ्यांचे वंशज. पिंपळाच्या पानास देठ लांब आणि बारीक. झुळूक अंगास जाणवतही नाही तोच ते हलू लागते. रात्री दुसरी झाडे निश्चल उभी असता हे एकटेच सळसळते. तिथे कोणीतरी आहे असे मनाने घेतले, तर त्यात मनाचा फारसा दोष नाही. तीच गोष्ट छातीवर येऊन बसणाऱ्या भुताची. स्वप्नाच्या निद्रेत हातपाय शिथिल झालेले असतात. क्वचित जाग आधी येते आणि शिथिलता मागाहून जाते. त्या अवधीत ओरडता येत नाही, उरावर भार वाटतो, खोलीत कोणी उभे असल्याचा भास होतो. अनुभव सोळा आणे खरा असतो, चुकतो तो त्याचा अर्थ.

परंतु माझ्या मते खरे मर्म याहून निराळे आहे. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयी १९३७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिकडे धान्याची कोठारे लाकडी खांबांवर उभारतात. खांब वाळवीने पोखरून कोठार कोसळते आणि सावलीस बसलेली माणसे जायबंदी होतात. अझांदे म्हणतात, हे चेटूक. त्यांस वाळवी ठाऊक नाही असे नव्हे. चांगली ठाऊक आहे. पण नेमकी हीच माणसे खाली असताना, याच घटकेस ते का पडावे, या प्रश्नाचे उत्तर वाळवीपाशी नसते. आमच्याकडे जुन्या आडात गाळ काढावयास उतरलेला मनुष्य वर येत नाही, त्यास काढावयास गेलेला दुसराही येत नाही, तेव्हा साती आसरांनी ओढले असे म्हणतात. वस्तुतः अशा आडाच्या तळाशी कर्बवायू साचतो व प्राणवायू उणा असतो. (पेटता कंदील आधी खाली सोडून पाहावा, विझला तर उतरू नये. न विझला तरी विषारी वायू नाहीच असे मात्र समजू नये.) तथापि त्या घरच्या बाईस कर्बवायू सांगून पाहा. ‘माझाच का?’ असे ती विचारते, आणि रसायनशास्त्र तिथे मुके होते. आसरा मुक्या होत नाहीत.

असो. इथवर सारे निरुपद्रवी आहे. मुंजाने आमचे काही बिघडविले नाही. मात्र ‘कोणामुळे?’ या प्रश्नाचे उत्तर झाडावर न मिळता शेजारच्या घरात मिळू लागले, म्हणजे गोष्ट पालटते. मराठवाड्यात त्यास भानामती म्हणतात. कपडे आपोआप पेटतात, दगड पडतात, अन्नात घाण निघते, अंगावर फुल्या उठतात.

१९५६ साली आमच्या धाकट्या काकूच्या दंडावर आणि पाठीवर काळ्या फुल्या उठू लागल्या. तिचे पहिले मूल आठव्या दिवशी गेले होते. देवऋषी आला, लिंबे कापली गेली, आणि पलीकडच्या वाड्यातील एका निपुत्रिक बाईचे नाव निघाले. नाव घेतले देवऋषाने. खरे मानले आम्ही सर्वांनी, वकीलसाहेबांसह. पुढे आजीने काकूस हवापालट म्हणून तिच्या माहेरी अंबेजोगाईस चार महिने पाठविले आणि फुल्या थांबल्या. ती शेजारीण मात्र चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आमच्याकडे पुन्हा कधी दिसली नाही. इतरांच्याही घरी नाही. आम्हां मुलांस तिच्या दारावरून जावयाची बंदी होती.

आज असे नाव घेणारास कायद्याचा धाक आहे. दि. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कोणी करणी करते असे ठरवून तिचा छळ करणे हा आता गुन्हा आहे. आमच्या शेजारणीस तो उपयोगी पडावयाचा नव्हता. ती त्यापूर्वीच पुतण्याकडे लातुरास जाऊन तिथेच वारली.

१९९८ साली माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या गडबडीत, माजघरात सुपाऱ्या निवडत असता, काकूने आपण होऊन तो विषय काढला. फुल्या बिब्ब्याच्या होत्या. धोबी कपड्यांवर खुणा करतात तोच बिब्बा. त्याचे तेल कातडीस लागले की ती भाजून काळी पडते. काडीने दंडावर तिच्या तिने काढल्या. पाठीवरच्या कशा काढल्या, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. “अरे, मूल गेल्यावर मला आईकडे जायचे होते,” ती म्हणाली. “दोनदा विचारले, सासूबाई म्हणाल्या पुढल्या दिवाळीस पाहू. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.”

“आणि शेजारच्या काकू?”

“त्यांचे नाव मी घेतले नव्हते.” बराच वेळ ती सुपाऱ्याच निवडत राहिली. “पण नाहीही म्हटले नाही.”

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने सूप बाजूस सारून तिने विचारले, “बटू कोणाचा सांगितला आहेस? उद्या पहाटेच पान मांडायला हवे. मुंजाला विसरून चालायचे नाही.”