पारलिंगी स्त्रियांचे हार्मोन उपचार : गोळी, सुई की पट्टी?

औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय आणि अगदी नाममात्र किमतीत मिळणारी गर्भनिरोधक गोळी ही पारलिंगी स्त्रियांच्या दृष्टीने हार्मोन घेण्याची सर्वांत सोपी वाट आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तीच सर्वांत धोक्याची आहे. मुंबईपासून दूर, कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशा गावांत राहणाऱ्यांना संप्रेरकतज्ज्ञ सहज उपलब्ध होत नाही. औषधाचे दुकान मात्र कोपऱ्यावर असते. परिणामी, मैत्रिणीने किंवा गुरूने सांगितलेली गोळी सुरू होते आणि रक्ततपासणी मागे पडते. हार्मोन शरीरात कोणत्या मार्गाने जाते यावर त्याचा लाभ आणि धोका दोन्ही ठरतात, ही गोष्ट म्हणूनच समजून घेण्याजोगी आहे.

जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेली, परंतु स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. ही अवस्था हा मानसिक आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे.

उपचारांचे दोन भाग

या उपचारांत दोन कामे साधायची असतात. स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन बाहेरून द्यायचे आणि पुरुष-संप्रेरक टेस्टोस्टेरॉनची पातळी खाली आणायची. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तातील इस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरहून कमी असावे.

बदल सावकाश होतात. स्तनांची वाढ साधारणतः तीन ते सहा महिन्यांत सुरू होते आणि पूर्ण होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. आवाज मात्र या औषधांनी बदलत नाही आणि दाढीचे केस थोडेच विरळ होतात. प्रजननक्षमता कायमची जाऊ शकते. त्यामुळे पुढे मूल हवे असल्यास उपचारांपूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याचा विचार करावा लागतो. दुप्पट मात्रा घेतली म्हणून बदल दुप्पट वेगाने होत नाहीत. वाढतो तो केवळ धोका.

गोळी आणि यकृत

भारतात इस्ट्रॅडिओल व्हॅलरेटच्या गोळ्या मिळतात. तुलनेने त्या स्वस्त असून घेण्यास सोप्या आहेत. दिवसाला दोन ते सहा मिलिग्रॅम ही सर्वमान्य मात्रा आहे. अडचण अशी, की गिळलेली गोळी आतड्यांतून प्रथम यकृतात जाते. तेथे औषधाचा बराचसा भाग खर्ची पडतो. शिवाय यकृत उत्तेजित होऊन रक्त गोठवणारे घटक आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. निरोगी तरुण व्यक्तीस हा धोका कमी असतो. धूम्रपान, स्थूलता, चाळिशी उलटलेले वय किंवा कुटुंबात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असल्यास तो वाढतो.

हीच गोळी जिभेखाली विरघळवण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यामुळे औषधाचा काही भाग यकृत टाळून थेट रक्तात शिरतो. मात्र पातळी तासाभरात झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. म्हणून दिवसाची मात्रा विभागून घ्यावी लागते. लाळेबरोबर बरेचसे औषध पोटात जातेच, हेही विसरता येत नाही.

सुई : जोरकस, पण परत न घेता येणारी

इस्ट्रॅडिओल व्हॅलरेट तेलात विरघळवून स्नायूत टोचले जाते. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक इंजेक्शन पुरते आणि रोजची आठवण ठेवावी लागत नाही. टेस्टोस्टेरॉन दाबण्याचे कामही ते चांगले करते. परंतु साधारण दोन दिवसांत पातळी शिखर गाठते आणि पुढील मात्रेपर्यंत घसरत राहते. अंतर जास्त असल्यास या चढउतारांबरोबर मनःस्थितीतही चढउतार जाणवू शकतात. मात्रा जास्त झाली तर टोचलेले औषध काढून घेता येत नाही. रक्ततपासणी दोन इंजेक्शनांच्या मधोमध करावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी दिशाभूल करते.

याहून गंभीर प्रश्न सुईचा आहे. एकच सुई अनेकींनी वापरल्यास एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा संसर्ग होऊ शकतो. अप्रशिक्षित हातांनी टोचल्यास गळू होते किंवा मज्जातंतूला इजा पोहोचते.

पट्टी आणि जेल

त्वचेवरून दिलेले इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून रक्तात मिसळते. पातळी त्यामानाने स्थिर राहते आणि गुठळ्यांचा धोका सर्वांत कमी असतो. चाळिशीपुढील, धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या व्यक्तींना तज्ज्ञ हाच मार्ग सुचवतात. पट्टी आठवड्यातून साधारण दोनदा बदलावी लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत घामाने ती सुटण्याचा संभव असतो. शिवाय भारतात पट्ट्या सर्वत्र सहज मिळत नाहीत.

जेल मिळते, पण ते गोळीपेक्षा महाग पडते. रोज लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे लागते. ओल्या त्वचेचा स्पर्श झाल्यास औषध दुसऱ्याच्या अंगाला लागू शकते. लहान खोलीत मुलाबाळांसह राहणाऱ्यांनी ही काळजी विशेषत्वाने घेतली पाहिजे.

गर्भनिरोधक गोळी का नको?

'माला-डी'सारख्या गोळीत इस्ट्रॅडिओल नसते. इथिनिल इस्ट्रॅडिओल हे कृत्रिम रूप असते. यकृत ते सहजासहजी मोडू शकत नाही. त्यामुळे रक्त गोठण्यावर त्याचा परिणाम फार तीव्र होतो. अ‍ॅम्स्टरडॅम येथील, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३०३ पारलिंगी स्त्रियांची पाहणी होती. त्यांच्यात रक्तवाहिन्यांतील गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट आढळले. त्या काळी तेथे सिप्रोटेरॉनसोबत रोज १०० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल दिले जाई. त्यानंतर तेथील डॉक्टरांनी चाळिशीवरील व्यक्तींना त्वचेवरून इस्ट्रोजेन देण्यास प्रारंभ केला. २००३ मध्ये नेदरलँड्समधीलच संशोधनाने दाखवून दिले, की गोठण्याच्या प्रक्रियेवरील हा परिणाम प्रामुख्याने इथिनिल इस्ट्रॅडिओलचा आहे. आजच्या मार्गदर्शक सूचना ते वापरू नये असेच सांगतात.

'माला-डी'च्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल असते. लवकर बदल व्हावा म्हणून दिवसाला तीन-चार गोळ्या घेणारी व्यक्ती नकळत अ‍ॅम्स्टरडॅमच्या त्या जुन्या मात्रेपर्यंत पोहोचते. दुसरी मेख अशी, की प्रयोगशाळेतील नेहमीच्या इस्ट्रॅडिओल तपासणीत हे कृत्रिम रूप मोजले जात नाही. अहवालात आकडा कमी दिसतो आणि गोळ्या आणखी वाढवल्या जातात. एका पायाला अचानक सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कोणती औषधे चालू आहेत हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे.

जोडीची औषधे आणि 'निर्वाण'

टेस्टोस्टेरॉन रोखण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा सिप्रोटेरॉन दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोनमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. नारळपाण्यासारखे पोटॅशियमयुक्त पदार्थ किती घ्यावेत, हे डॉक्टरांना विचारावे. सिप्रोटेरॉनच्या दीर्घकाळ घेतलेल्या मोठ्या मात्रांचा मेंदूच्या आवरणातील गाठींशी संबंध आढळल्याने युरोपीय औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध सुचवले. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध इस्ट्रोजेनची पातळी घटवते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

हिजडा परंपरेत 'निर्वाण' झालेल्या व्यक्तींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ तयारच होत नाही. त्यांना ही रोधक औषधे लागत नाहीत आणि इस्ट्रोजेनची मात्राही सहसा कमी पुरते. मात्र आता कशाचीच गरज नाही, असे समजून इस्ट्रोजेन पूर्ण बंद केल्यास हाडे ठिसूळ होतात.

सोय कोठे?

संसदेने २०१९ मध्ये संमत केलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमाने हार्मोन उपचार आणि त्याआधी व नंतरचे समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. बदलापूरहून तेथे जायचे तर लोकलने सुमारे ६८ किलोमीटरचा प्रवास करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांचा त्यात एक दिवस जातो. कल्याण व पुणे येथे २०२१ मध्ये सुरू झालेली 'मित्र' क्लिनिक अमेरिकेची मदत थांबल्यामुळे २०२५ च्या प्रारंभी बंद करावी लागली. समुदायाला आपलीशी वाटणारी सोय परकीय निधीवर उभी असली की काय होते, याचे हे उदाहरण होय.

त्यामुळे 'सर्वांत चांगला मार्ग कोणता' या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. तरुण व निरोगी व्यक्तीला इस्ट्रॅडिओलची गोळी चालू शकते. वय किंवा आजार असेल तर त्वचेचा मार्ग सुरक्षित. इंजेक्शन घ्यायचे तर सुई नवी, हात प्रशिक्षित आणि मात्रा ठरलेली हवी. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा-दोनदा रक्ततपासणी करणे या सर्व मार्गांना समान लागू आहे. ही तपासणी आणि औषधाची चिठ्ठी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात नियमितपणे मिळू लागली, तर गर्भनिरोधक गोळीची धोक्याची वाट धरण्याचे कारणच उरणार नाही.